फटफटीला कासरा नसतो

आमच्या ह्यांना बैलगाडी हाकता येत होती. त्यामुळे जगातलं झाडून सगळं वाहन आपल्याला हाकता येईल, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्या समजुतीला कुणी धक्का लावायला गेलं की म्हणायचे, "तुला काय कळतंय त्यातलं." मला चांगलं कळत होतं. मी जामनेरकडच्या शेतकऱ्याची लेक. बापाला माणूस मिळेना तेव्हा मी गाडी हाकलीय, आणि बुजलेली जोडीसुद्धा आवरलीय. पण असलं काही नवऱ्याला सांगायचं नसतं, असं आईनं निघताना बजावलं होतं. आईनं बजावलेलं मी जे थोडंफार पाळलं, त्यातलं हे एक.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या वर्षांतली गोष्ट. हे धुळ्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायला होते. खेड्यापाड्यांत जायचं, बोंडातला कापूस बोटांनी ओढून धागा किती निघतो ते बघायचं आणि मालाची प्रत ठरवायची. जिनाच्या आवारातच आम्हाला दोन खोल्या होत्या. घरात आम्ही तिघंच: हे, मी आणि माझे सासरे. सासऱ्यांना सगळं आवार आबा म्हणायचं, म्हणून मीही आबाच म्हणायची. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. त्यामुळे घरात मला बोलणारं कुणी नव्हतं, आणि मला तर बोलल्याशिवाय करमत नसे.

त्या साली मालकांनी सांगितलं, की येत्या दसऱ्यापासून पारोळ्यापर्यंतची सगळी गावं ह्यांनीच बघायची. कसं जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ह्यांच्या मनात फटफटी केव्हाची भरली होती, फक्त निमित्त मिळायचं होतं. ते मिळालं आणि स्वारी हवेत. मला मात्र दुसरंच आठवलं. आदल्याच पावसाळ्यात धुळ्याचा एक दलाल आग्रा रोडवर फटफटीवरून पडला होता, तो परत उठला नाही. त्याची बायको माझ्याच वयाची. पिठाच्या गिरणीत भेटायची, आता ती खाली मान घालून येई आणि खाली मान घालून जाई. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण त्या हौसेचं मोल मी डोळ्यांनी बघितलं होतं. होळी नुकतीच झाली होती. दसऱ्यापर्यंत ह्या माणसाला असं तयार करायचं, की रोज दिवेलागणीला धडधाकट घरी आला पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

भुसावळला रेल्वेतला एक गोरा साहेब नोकरी संपवून विलायतेला परत चालला होता. त्याच्याकडे दोन फटफट्या विकायला आहेत, अशी बातमी लागली. जनावर घ्यायचं तर जाणता माणूस बरोबर हवा, म्हणून आबाही निघाले. मी काही गेले नव्हते, पण तिथं काय झालं ते दोघांनी मला इतक्या वेळा आणि इतकं वेगवेगळं सांगितलं, की मी गेल्यातच जमा.

आबांनी आधी दोन्ही फटफट्यांना प्रदक्षिणा घातली. पाठीवर थाप मारली. वाकून पोटाखालून बघितलं. टायर अंगठ्यानं दाबून बघितलं आणि ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "खूर नरम शे." मग साहेबाच्या कारकुनाला विचारलं, "हाई काय खास?" कारकून म्हणाला, पेट्रोल खाते. किती खाते, उभी असताना खाते का, आजारी पडली तर कुणाला दाखवायचं, अशी सगळी विचारपूस झाली. त्यानंतर आबांनी बैलबाजाराच्या रिवाजाप्रमाणे हातावर उपरणं टाकलं आणि त्याच्याखालून हात साहेबापुढे केला. बैलाचा सौदा असाच होतो, कापडाखाली एकमेकांची बोटं दाबून, म्हणजे भाव चारचौघांत फुटत नाही. साहेबाला वाटलं, म्हातारा निरोप घेतोय. त्यानं उपरण्याखाली हात घालून आबांचा पंजा गच्च धरला आणि गदागदा हलवला. पाची बोटं एकदम धरली म्हणजे भाव एवढा झाला, असं धरून आबा खूश. कारकुनानं उलगडा केला तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

दोन्हीतली एक फटफटी भारी होती, काळीभोर, आणि तिचा आवाज म्हणे छातीत वाजायचा. ह्यांचं लग्न तिच्याशी मनातल्या मनात लागूनही गेलं होतं. आबा म्हणाले, आधी बसून दाखव. हे बसले. आबांनी खाली बसून ह्यांची पावलं निरखली. "पाय टेकतस का?" हे म्हणाले, टेकतात. आबा म्हणाले, "अंगठा टेकस. पाय नही." मग लहान फटफटीवर बसवलं. तिच्यावर दोन्ही तळवे जमिनीला सपाट लागले. "हाईच ले," आबा म्हणाले आणि विषय संपला. ज्याच्यावरून धड उतरता येत नाही त्याच्यावर चढू नये, हा त्यांचा घोड्यापासून नातेवाइकांच्या ओसरीपर्यंत सगळीकडे लावायचा नियम होता. हे भुसावळहून धुळ्यापर्यंत तोंड पाडून बसले. चाळीसगावला गाडी बदलताना चहासुद्धा घेतला नाही म्हणे. मी मात्र आबांना त्या रात्री तुपाचा शिरा करून वाढला.

फटफटी आली त्या दिवशी अख्खं आवार गोळा झालं. आबांनी मुठीला जुन्या बैलाची घुंगरमाळ बांधली, कारण जनावर येताना ऐकू आलं पाहिजे. फटफटीचा आवाज तिच्यापुढं पाव कोसावर ऐकू जायचा, पण हे त्यांना कोण सांगणार. इंजिनखान्यातल्या मिस्त्रींनी एक दुपार घालवून ह्यांना सगळं दाखवलं. डाव्या मुठीपुढची दांडी दाबली की इंजिन चाकापासून सुटतं. उजवी मूठ आपल्याकडे वळवली की गाडी पळते, ढिली सोडली की मंदावते. ब्रेक हाताला एक, पायाला एक. मीही दारात उभी राहून ऐकत होते. सोपं होतं. ह्यांनाही सोपं वाटलं, आणि तिथंच घोडं पेंड खातं.

उन्हाळ्यात जिन बंद असतं. आवार रिकामं, एखाद्या गावाच्या मैदानाएवढं. त्यात ह्यांचा सराव सुरू झाला. सुरुवात झकास व्हायची. डोक्याला टापशी बांधून स्वारी दोन चकरा अशी मारायची, की बघणाऱ्यानं दृष्ट काढावी. तिसऱ्या चकरेला काहीतरी समोर यायचं. एकदा सरकीचा ढीग आला. ढीग काही चालत आला नव्हता, तो हंगामापासून तिथंच होता. हे तोंडानं "हो हो हो" करीत त्यात घुसले, आणि बाहेर आले तेव्हा मिशीत, कानांत सरकी. बैलांना थांबवताना जे म्हणायचं, ते हे फटफटीला म्हणत होते. मी म्हटलं, जरा कानाशी जाऊन म्हणा, ऐकेल. ते माझ्याशी रात्रीपर्यंत बोलले नाहीत.

मग आवारातला एकुलता एक लिंब. एवढ्या मोकळ्या जागेत त्या लिंबावर जाऊन आदळायला नेम पाहिजे. माझ्या लक्षात आलं, की हे लिंबाकडेच बघत होते. चुकवायचंय चुकवायचंय म्हणत डोळे त्याच्यावरच, आणि डोळे जातील तिकडं चाक. बैलाला स्वतःची अक्कल असते. तुम्ही गाडीत झोपलात तरी तो झाडाला वळसा घालून घरी आणतो. ही लोखंडाची बया धन्याच्या नजरेनं चालणारी. आबा बाजेवरून म्हणाले, "बैल ऱ्हाता ते वळी जाता." ह्यांनी गुडघ्याची माती झटकली आणि लिंबच वाकडा वाढलाय असं जाहीर केलं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पारोळ्याला माझ्या चुलत नणंदेकडे हळद होती, तोवर.

जाताना मी फटफटीवर मागं बसले. धुळ्यातल्या एकदोन साहेबांच्या बायका एकीकडे पाय सोडून बसायच्या, पण आमचं नऊवारी कासोट्याचं, मी सरळ दोहींकडे पाय टाकून बसले आणि ह्यांचा कमरपट्टा धरला. सकाळची वेळ होती. खरं सांगायचं तर मजा वाटत होती. रस्त्याकडेच्या बाभळी सरासर मागं जात होत्या, अंगाला वारा लागत होता, आणि हे माझ्यावर छाप पाडायला मान वळवून वळवून बोलत होते. मी दोनदा म्हटलं, पुढं बघा. एका वळणावर अचानक समोरून वऱ्हाडाची बैलगाडी आली. गाडीत सगळ्या बायका. एकीच्या मांडीवर तान्हं मूल.

ह्यांनी "हो हो" केलं. मी मागंच होते, मला त्यांचे दोन्ही हात स्वच्छ दिसत होते. हातांची कोपरं मागं आली, मनगटं खाली गेली, मुठी छातीकडे ओढल्या. आणि फटफटीनं एकदम उडी घेतली. थांबायचं सोडून ती पळाली. गाडी आणि बाभूळ यांच्यामधून आम्ही कसे गेलो ते त्या देवालाच माहीत. बैल बुजून आडवे झाले, गाडीचं एक चाक उचललं गेलं. ती बाई मूल दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभी राहिली होती, ते मी वळून बघितलं आणि पुढच्या क्षणी आम्ही नांगरलेल्या ढेकळांत होतो. वऱ्हाडाची गाडी पुन्हा दोन्ही चाकांवर आली. कुणाला काही झालं नाही. ती बाई तिथूनच ओरडली, "डोया फुटनात का रे तुना?" ह्यांनी मान वर केली नाही.

त्या रात्री ताटावर बसले तर ह्यांना भाकरी मोडेना. मीच मोडून दिली. जेवण तसंच ठेवून म्हणाले, "विकून टाकू. मला नाही जमायचं." नंतर भिंतीकडे तोंड करून निजले. माझं बोलणं उठताबसता चालू असायचं, पण त्या दिवशी मला चेष्टा सुचली नाही. हा माणूस कशाची हौस म्हणून करत नव्हता. स्वतःसाठी एक धोतर घ्यायचं तर दोन वर्षं विचार करायचा. एवढी एकच गोष्ट त्यांनी मागून घेतली होती, आणि ती भीतीनं त्यांच्या हातून सुटावी, हे मला बघवेना. तसं तर विकली असती तर माझी काळजी मिटली असती. पण भ्यालेला नवरा रोज समोर बघणं काही कमी काळजीचं नसतं.

सकाळी चहा देताना मी म्हटलं, "मला कळलंय काय होतं ते."

"काय?"

"तुम्ही कासरा ओढता."

मी पोळपाटावर लाटणं आडवं धरून दाखवलं. बैल थांबवायचे तर कासरा आपल्याकडे ओढायचा. लहानपणापासून हाताला तीच सवय. भीती वाटली की हात आधी मागं येतात, विचार नंतर येतो. पण फटफटीची मूठ आपल्याकडे ओढली, मनगट खाली गेलं, की ती वळते, आणि वळली की गाडी अजून जोरात. तुम्ही जितकं थांबवायला जाता, तितकी ती पळते. सरकीच्या ढिगात तेच झालं, लिंबापाशी तेच, काल तेच. "फटफटीला कासरा नसतो," मी म्हटलं. "ओढायचं नाही. सोडायचं."

आबा आत बसून ऐकत होते. ते बाहेर आले, स्वतः लाटणं हातात घेतलं, ओढून बघितलं, मनगटाकडे बघितलं. मग लाटणं जागेवर ठेवून परत आत गेले. एवढं कबूल करणं आबांच्या मानानं फार होतं.

त्या दिवसापासून मी मास्तरीण झाले. फटफटी टेकूवर उभी करायची, इंजिन बंद, हे वर बसणार. मी मागून फिरत राहायची आणि मनात येईल तेव्हा परातीवर उलथनं हाणायची. दचकले की हात कुठं जातात ते बघायचं. पहिले कितीतरी दिवस मुठी छातीकडेच. "ओढलंत." पुन्हा परात. "ओढलंत." शेजारणी विचारायच्या, तुमच्याकडे रोज कसली आरती असते. मी म्हणायची, नवऱ्याची. हळूहळू मुठी सैल सुटायला लागल्या, उजवा पाय आपोआप ब्रेकवर जायला लागला. मग इंजिन चालू करून, मग चालत्या गाडीवर. वळताना वळणाच्या शेवटाकडे बघायचं, झाडाकडे नाही. बोलायचं असेल तर थांबून बोलायचं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झाला तेव्हा हळू चालवायला आपोआपच शिकले, कारण तिथं शहाणपण चालतच नाही.

भाद्रपद आला. आवारात ह्यांची चकर आता सुंदर पडत होती. परातीला तर ते हसायचे. आणि हसायचे म्हणूनच माझा जीव शांत होईना. परात वाजणार हे त्यांना ठाऊक होतं. मी वाजवणार, हेही ठाऊक होतं. त्यात भीती कुठली? एकदा त्यांनीच बोलता बोलता सांगितलं होतं, "खरोखरीचं कुणी समोर आलं तर हात काय करतील, मला सांगता येत नाही." खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. दसरा तोंडावर आला होता. दसऱ्यानंतर रस्त्यावर खरोखरीचं कुणीतरी समोर येणारच होतं. एखादी बाई, एखादं लेकरू. नाहीतर ट्रक.

मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर आबांनी मला खोलीत कोंडलं असतं.

ऊन कलतं झालं होतं. हे गोदामाच्या पलीकडून चकर मारून यायचे, कोपऱ्यावर वळायचे आणि तिथून पुढं सरळ पट्टा होता, तिथं जरा वेग द्यायचे. मी कोपऱ्याआड उभी राहिले. फटफट जवळ आली. आपण मूर्खपणा करतोय हे कळत होतं. तरी वळण घेऊन ते सरळ झाले, तशी मी चार पावलं पुढं होऊन पट्ट्याच्या मधोमध उभी राहिले. पदर कमरेला खोचला आणि त्यांच्याकडे बघितलं.

त्यांनी मला बघितलं. चेहरा एकदम पांढरा पडला. तोंडातून "हो हो" आलं नाही. त्यांनी ओरडून एका नावानं हाक मारली.

फटफटीचा आवाज खाली बसला. मागचं चाक घसरलं, माती उडाली, दोन्ही पाय जमिनीला लागले, आणि पुढचं चाक माझ्या लुगड्याच्या काठापाशी येऊन थांबलं. इंजिन बंद पडलं. त्यांचे दोन्ही हात मुठींवरून सुटून वर राहिले होते, बोटं उघडी. आबा बाजेवरून उठून उभे राहिले होते.

मी त्या हातांकडे बघत होते, त्यांनी ओढलं नव्हतं. पण माझं लक्ष तिथं राहिना. लग्नात माझं नाव बदललं होतं. सासरचं नाव आल्यावर माहेरचं नाव आईपाशीच राहिलं, आणि आई गेल्यावर तेही कुणाच्या तोंडी उरलं नाही. ह्या घरात ते कधी निघालं नव्हतं. हे मला 'अगं' म्हणायचे, आबा 'पोरी' म्हणायचे. ते नाव ह्यांना माहीत असेल, अशी मला शंकासुद्धा नव्हती. आणि जीव जायची वेळ आली तेव्हा ह्यांच्या तोंडून तेच निघालं.

ते गाडीवर तसेच बसून होते. माझ्यावर रागवायचं त्यांच्या मनात दिसत होतं. मला चेष्टा करायची होती, नेहमीसारखं काहीतरी टोचून बोलायचं होतं. ते काही जमलं नाही. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्या नावानं हाक मारली होती, म्हणून मी आपली "ओ" दिली.